हार्डडिस्क बदलताय? आधी इमेज, मग क्लोन

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि कॉम्प्युटरवाल्यांकडे दोन प्रकारची कामं वाढली. मशीन बरं आहे, फक्त जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाकायची, हे एक. दुसरं म्हणजे नवं मशीन आलंय, जुन्यातलं सगळं त्यात न्यायचंय. सोलापुरातला अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, चाटी गल्लीतलं कापडाचं दुकान असो की नवी पेठेतलं कर सल्लागाराचं ऑफिस, मागणी एकच असते: "सगळं होतं तसंच पाहिजे." हिशोबाची टॅली तशीच, मराठी टायपिंगच्या श्रीलिपीचे फॉन्ट तसेच, प्रिंटरची सेटिंग तशीच, आणि डेस्कटॉपवर 'नवीन फोल्डर (७)' नावाने पडलेला तो पसारासुद्धा तसाच.

हे काम घरी किंवा दुकानात बसून स्वतः करता येतं. ज्यांनी कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याच नव्या सोयी आल्या. त्यातल्या कोणत्या आपल्या कामाच्या आणि कोणत्या नुसत्या जाहिरातीच्या, तेही त्या-त्या ठिकाणी सांगतो.

क्लोन वेगळा, इमेज वेगळी

जॅकार्ड मागावरचं काम पाहिलेल्यांना हा फरक लगेच कळेल. एका डिझाइनच्या पंच कार्डांचा दुसरा संच बनवून तो दुसऱ्या मागावर चढवला आणि माग चालू केला, तर तो क्लोन. तोच संच बांधून, वर चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवला, तर ती इमेज.

क्लोन म्हणजे एका डिस्कची दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत. ती लावली की मशीन सुरू होतं. पण त्यासाठी अख्खी डिस्क अडकते आणि प्रत एकाच क्षणाची असते. इमेज म्हणजे त्याच डिस्कची दाबून लहान केलेली एक मोठी फाइल. ती थेट चालत नाही, सॉफ्टवेअरमधून परत उतरवावी लागते. पण एका एक्स्टर्नल हार्डडिस्कवर सोमवारची, मंगळवारची, मागच्या महिन्याची, अशा कितीतरी तारखांच्या इमेज राहतात.

"क्लोन काढलाय की दिवाळीत, आता बॅकअप कशाला?" असं विचारणारे बरेच भेटतात. त्यांना एवढंच विचारायचं, "मालक, दिवाळीनंतरची बिलं कुठायत त्यात?"

याहून वाईट प्रकार म्हणजे दर आठवड्याला त्याच डिस्कवर नवा क्लोन काढणं. मंगळवारी मशीनमध्ये व्हायरस शिरला, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि बुधवारी क्लोन काढला, तर चांगली प्रत पुसून तिच्या जागी बिघडलेली प्रत बसते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: डिस्क बदलायच्या दिवशी क्लोन, बाकी वर्षभर इमेज.

पायरी १: जुन्या डिस्कची तब्येत

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका आणि उघडा. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे डिस्क जाण्याच्या वाटेवर. हार्डडिस्क असेल तर 'रीअलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी पाहा. तिथे शून्याखेरीज काही दिसलं तर डिस्कवरचे काही भाग खराब झालेत किंवा वाचताना अडतायत.

पिवळा दिसला तर क्लोनच्या मागे लागू नका. आधी टॅलीचा डेटा, डिझाइनच्या फाइली, फोटो हे साध्या कॉपी-पेस्टने दुसरीकडे न्या. क्लोन करताना सॉफ्टवेअर डिस्कचा वापरात असलेला कोपरा न् कोपरा वाचतं, आणि मरायला टेकलेली डिस्क त्याच ताणाखाली बसू शकते. डिस्कमधून टिक-टिक आवाज येत असेल तर मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. ते काम घरचं नाही.

पायरी २: चाव्या आणि लायसन्स गोळा करा

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळी रडारड इथूनच सुरू होते, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली चावी बिटलॉकरची. विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करण्याची सोय आहे, होम आवृत्तीत तिला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं, की बऱ्याच मशीनवर हे कुलूप आपोआप लागतं. मालकाला पत्ताही नसतो. पुढे डिस्क बदलताना किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काही फिरवलं की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते.

ही की त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पण खातं कुणाचं? आपल्याकडे मशीन विकणारा मुलगाच घाईघाईत सेटअप करून देतो. त्याने स्वतःचा किंवा दुकानाचा ईमेल टाकला असेल तर तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्या खात्यात. सेटिंग्ज उघडून 'अकाउंट्स'मध्ये कोणता ईमेल दिसतो ते आजच पाहा. की उतरवून घ्या, कागदावर लिहा, तिजोरीत ठेवा. ती त्याच कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर सेव्ह करून काही उपयोग नाही.

क्लोन करण्याआधी नवख्याने कुलूप पूर्ण काढलेलं उत्तम. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि काम पूर्ण होईपर्यंत थांबा. मोठ्या हार्डडिस्कला याला तासन् तास लागतात. नवी डिस्क नीट चालायला लागली की कुलूप परत लावायचं. कुलूप लावलेल्या डिस्कचा क्लोन निघत नाही असं नाही. विंडोज चालू असताना क्लोन काढला तर बहुतेक सॉफ्टवेअर उघडा डेटा वाचतात आणि नवी डिस्क बिनकुलपाची होते. पेनड्राइव्हवरून बूट करून, म्हणजे मशीन सुरू करून, काढला तर सेक्टर न् सेक्टर कॉपी करावी लागते, रिकामी जागासुद्धा. दोन्ही चालतं, पण पहिल्यांदा करणाऱ्याने त्यात पडू नये.

दुसरी गोष्ट लायसन्सची. विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्याच मशीनमध्ये फक्त डिस्क बदलली तर सहसा अडत नाही. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मात्र पुन्हा सुरू करावं लागू शकतं. सिरियल नंबर आणि ज्या ईमेलवर नोंदणी आहे त्याचा पासवर्ड हाताशी असू द्या. तो ईमेल चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असेल तर आधी ते निस्तरा. जीएसटी आणि आयकरासाठीची डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते. तिचा क्लोन होत नाही, करायची गरजही नाही. नव्या मशीनवर फक्त टोकनचा ड्रायव्हर टाकावा लागतो.

पायरी ३: नवी डिस्क

यात फार डोकं लावू नका. जुन्या डिस्कवर जेवढा डेटा भरलाय त्याच्या दुप्पट जागेची एसएसडी पुरते. घेण्याआधी मशीनमध्ये कोणती बसते ते पाहा: अडीच इंची साटा, की पट्टीसारखी एम.२. एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, दिसायला जवळजवळ सारखे. मशीनचा मॉडेल नंबर सांगून दुकानदाराकडून खात्री करून घ्या.

सोबत डिस्क यूएसबीला जोडणारी केबल किंवा डबी लागेल, तीसुद्धा यूएसबी ३ ची. हिशोब असा: यूएसबी २ मधून सेकंदाला साधारण ३५ एमबी डेटा जातो, म्हणजे २०० जीबीला दीड तासाहून जास्त. यूएसबी ३ वर जुन्या हार्डडिस्कचाच वेग आड येतो, तरी सेकंदाला १०० एमबी धरले तर काम अर्ध्या तासाच्या आसपास उरकतं.

पायरी ४: सॉफ्टवेअर निवडणं

इथे गेल्या काही वर्षांत बरीच उलथापालथ झाली. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती घरोघरी वापरात होती. कंपनीने ती बंद करायचं ठरवलं आणि १ जानेवारी २०२४ पासून तिचा सपोर्ट थांबला. जुन्या पेनड्राइव्हमध्ये ती अजून फिरतेय, चालतेही, पण नव्या मशीनसाठी तिच्यावर विसंबू नका. २०२४ च्या ऑक्टोबरात 'रिफ्लेक्ट एक्स' आलं, तेही वार्षिक वर्गणीवर. इतर कंपन्यांनीही मोफत आवृत्तीतून विंडोज असलेल्या डिस्कचा क्लोन हळूहळू काढून घेतलाय. डिस्क निवडून होते, पार्टिशन दिसतात, सगळं जुळतं, आणि शेवटच्या बटणावर पैसे मागितले जातात. म्हणून सॉफ्टवेअर टाकण्याआधी मोफत आवृत्तीत 'सिस्टिम क्लोन' आहे का, हे त्यांच्याच तक्त्यात वाचा.

मग घ्यायचं काय? नवी एसएसडी सॅमसंगची असेल तर सॅमसंगचं स्वतःचं डेटा मायग्रेशन सॉफ्टवेअर मोफत मिळतं. क्रूशल आणि वेस्टर्न डिजिटल आपल्या ग्राहकांना अ‍ॅक्रोनिसची खास आवृत्ती देतात. ही सॉफ्टवेअर त्या-त्या कंपनीची डिस्क जोडलेली असेल तरच चालतात, पण एकदाच्या कामाला तेवढं पुरे. कंपनी कोणतीही असो, मोफत हवं असेल तर हॅस्लिओ बॅकअप सूट पाहा. त्यात क्लोन आणि इमेज दोन्ही आहे. वीम एजंटची मोफत आवृत्ती क्लोन करत नाही, पण रोजच्या इमेजसाठी माझी पहिली पसंती तीच, कारण पुढे सांगतो.

क्लोनझिला हे तैवानच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात तयार झालेलं मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर. पेनड्राइव्हवरून बूट होतं, काळ्या पडद्यावर प्रश्न विचारतं. भरवशाचं आहे, पण नवख्याला घाम फोडतं. शिवाय नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी असावी अशी त्याची साधी अट आहे. १ टीबी हार्डडिस्कवरून ५०० जीबी एसएसडीवर जायचं, हा तर आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. तिथे ते अडतं. याच धर्तीवरचं पण चित्रं-बटणं असलेलं रेस्क्यूझिला त्या मानाने सोपं आहे, आणि क्लोनझिलाने काढलेली इमेजही ते वाचतं.

आता नव्या सोयींबद्दल. चार मला खरोखर कामाच्या वाटतात.

पहिली, डिस्कवरचे कोणते तुकडे (ब्लॉक) बदलले याची नोंद. पूर्वी दर वेळी सॉफ्टवेअर अख्खी डिस्क चाळून काय बदललं ते शोधायचं. आता ते सतत नोंद ठेवतं, त्यामुळे रोजचा बॅकअप काही मिनिटांत होतो आणि टॅलीवर बसलेल्या माणसाला मशीन जड झाल्याचं जाणवत नाही. दुसरी, अर्धवट राहिलेली इमेज पुढे चालू ठेवणं. ही रिफ्लेक्ट एक्समध्ये आली. भर उन्हाळ्यात दुपारी महावितरणची लाइट गेली की तिची किंमत कळते. तिसरी, वेगळ्या हार्डवेअरवर इमेज उतरवणं. जुनं मशीन मेलं, नवं वेगळ्या कंपनीचं आहे, तरी डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर त्यात घालून विंडोज उठवता येतं. रिफ्लेक्टमध्ये याला 'रीडिप्लॉय' म्हणतात, अ‍ॅक्रोनिसमध्ये 'युनिव्हर्सल रिस्टोर'. चौथी, इमेजच्या फाइलींवर पहारा. बॅकअप सॉफ्टवेअरशिवाय दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामला त्या फाइली बदलू द्यायच्या नाहीत, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर व्हायरस त्यांना हात लावू शकत नाही.

बाकी अँटिव्हायरस, व्हीपीएन, 'एआय'च्या पाट्या हे सगळं एकाच डब्यात कोंबून विकलं जातं. त्यासाठी वर्गणी भरू नका.

पायरी ५: रेस्क्यू पेनड्राइव्ह

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये 'रेस्क्यू मीडिया' किंवा 'रिकव्हरी मीडिया' नावाचा पर्याय असतो. रिकामा पेनड्राइव्ह लावून तो बनवा. नुसता बनवून खिशात घालू नका, एकदा त्यावरून मशीन सुरू करून पाहा. माऊस चालतो का, दोन्ही डिस्क दिसतात का, तेवढं तपासायचं. काही इंटेल लॅपटॉपमध्ये बायोसात 'व्हीएमडी' (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) चालू असतं, आणि त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये नसेल तर एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही. हे शांतपणे आज कळलेलं बरं.

जुना रेस्क्यू पेनड्राइव्ह असेल तरी नवा बनवा. सिक्युअर बूटसाठी (सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) मायक्रोसॉफ्ट वापरत असलेल्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपत जाते आणि त्यांच्या जागी २०२३ ची येतात. जुन्या सहीचा पेनड्राइव्ह काही मशीनवर नाकारला जाऊ शकतो.

पायरी ६: आधी एक इमेज

क्लोन करण्याआधी जुन्या डिस्कची पूर्ण इमेज एक्स्टर्नल हार्डडिस्कवर काढा. क्लोन करताना चुकून उलट दिशा निवडली गेली तर जुनी डिस्क पुसली जाते, आणि मग ही इमेजच तुम्हाला वाचवते. इमेज काढून झाल्यावर 'व्हेरिफाय' चालवा. वेळ लागतो, लागू द्या.

एक्स्टर्नल डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली नको, तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एनटीएफएस असू द्या.

पायरी ७: क्लोन

दुकान बंद झाल्यावरची वेळ काढा. टॅली, ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप, सगळं बंद करा. विंडोजची 'शॅडो कॉपी' ही सोय चालू फाइलींचीही प्रत काढू देते, पण हिशोबाची फाइल उघडी असताना मध्येच टिपलेली प्रत नेहमीच धड असेल असं नाही. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

एनव्हीएमई डिस्क डबीत बसवून क्लोन करत असाल तर ती चांगली तापते. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात खोलीतच पारा चढलेला असतो, त्यात ही डबी गादीवर किंवा फाइलींच्या गठ्ठ्यावर ठेवली तर डिस्क स्वतःला वाचवायला वेग कमी करते आणि काम रेंगाळतं. फरशीवर, पंख्याखाली ठेवा.

आता सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्क क्लोन' किंवा 'सिस्टिम क्लोन' निवडा. पहिल्यांदा विचारतात सोर्स, म्हणजे जिथून न्यायचं ती जुनी डिस्क. मग टार्गेट किंवा डेस्टिनेशन, म्हणजे नवी. टार्गेटवरचं सगळं पुसलं जातं. 'डिस्क ०', 'डिस्क १' या क्रमांकांवर जाऊ नका, यूएसबीचं पोर्ट बदललं की ते बदलू शकतात. कंपनीचं नाव आणि आकार पाहा. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ५०० ची ४६५. नवी डिस्क रिकामी दिसली पाहिजे. तिच्यात रंगीत पट्टे आणि तुमच्या ड्राइव्हची नावं दिसत असतील तर हात मागे घ्या, तुम्ही उलटं करताय.

पडद्यावर जुन्या डिस्कचे तीन-चार तुकडे दिसतील: मशीन सुरू करून देणारा १०० एमबीच्या आसपासचा ईएफआय, १६ एमबीचा एक राखीव तुकडा (हा सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही), मोठा सी ड्राइव्ह आणि शेवटी काहीशे एमबीचा रिकव्हरी. सगळे घ्या. फक्त सी घेतला तर मशीन सुरू होणार नाही.

मोठ्या डिस्कवर जाताना एक गोची हमखास होते. शेवटचा रिकव्हरीचा तुकडा सी ड्राइव्हला चिकटूनच कॉपी होतो आणि उरलेली जागा त्याच्यापलीकडे रिकामी पडते. मग विंडोजमधून सी वाढवायला गेलं की 'एक्स्टेंड' पुसट दिसतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये क्लोनच्या आधीच तुकड्यांच्या कडा माऊसने ओढता येतात, किंवा 'जागा भरा' असा तयार पर्याय असतो. तो वापरा: रिकव्हरी शेवटी सरकवा आणि मधली सगळी जागा सी ला द्या. एसएसडीसाठी '४के अलाइनमेंट' किंवा 'एसएसडी ऑप्टिमायझेशन'ची खूण असेल तर टिक करा. 'सेक्टर बाय सेक्टर'ला टिक करू नका, रिकामी जागाही कॉपी होत बसते.

सगळं परत एकदा वाचा आणि सुरू करा. मग मशीनला हात लावू नका.

पायरी ८: पहिली सुरुवात

काम संपलं की रीस्टार्ट न करता मशीन पूर्ण बंद करा. जुनी डिस्क काढा, नवी तिच्या जागी लावा, आणि फक्त नव्या डिस्कवर मशीन सुरू करा. दोन्ही लावून सुरू केलं तर विंडोजला दोन डिस्कवर एकच ओळख-क्रमांक दिसतो, ते एकीला ऑफलाइन करतं, किंवा मशीन गपचूप जुन्यावरूनच सुरू होतं आणि तुम्हाला वाटतं काम फत्ते. महिन्याने जुनी डिस्क काढली की खरं काय ते कळतं.

सुरू झालं नाही तर आधी बायोसमध्ये जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' नव्या डिस्ककडे आहे का पाहा. तेही ठीक असेल तर रेस्क्यू पेनड्राइव्ह लावा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'बूट दुरुस्त करा' अशा अर्थाचा पर्याय असतो आणि नेहमीचे घोटाळे तो सोडवतो. साटावरून एनव्हीएमईवर जाताना 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा येऊ शकतो. घाबरू नका, विंडोजने नव्या डिस्कचा ड्रायव्हर अजून जागा केलेला नसतो. एकदा सेफ मोडमध्ये सुरू करून पुन्हा नेहमीसारखं चालू केलं की बऱ्याचदा सुटतं.

सुरू झाल्यावर टॅली उघडून कालची शेवटची एन्ट्री पाहा. एक बिल छापा. श्रीलिपीत चार ओळी टाइप करा. एखादी डिझाइनची फाइल तिच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. मग कुलूप परत लावा, आणि नवी रिकव्हरी की पुन्हा लिहून घ्या, कारण ती बदललेली असते.

आता रोजचा बॅकअप

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. रेकॉर्ड कॉम्प्युटरवर असेल तर अपघातानंतर ते वाजवी वेळेत परत उभं करता येईल असा बॅकअप ठेवा, असं नियम ५७ सांगतो. कंपनी म्हणून नोंदणी असलेल्यांना त्याहून कडक नियम आहे: २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशोबाचा बॅकअप दररोज भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो. तो तुमच्या सीएंना विचारून घ्या.

घड्याळ लावून टाकायचं: रविवारी पूर्ण इमेज, बाकीचे दिवस फक्त बदल. वीम एजंट आवडण्याचं कारण त्यातली एक छोटी खूण: यूएसबी डिस्कवर बॅकअप यशस्वी झाला की डिस्क आपोआप इजेक्ट करायची. वायर लावलेली राहिली तरी विंडोजच्या दृष्टीने डिस्क निघालेली असते, आणि खंडणीखोर व्हायरसला ती सापडत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा असा व्हायरस पसरला तेव्हा जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद झाल्या होत्या. मी तरीही सांगेन की संध्याकाळी दुकान बंद करताना वायर काढा.

इमेज असली तरी टॅलीतला स्वतःचा बॅकअप सोडू नका. एका कंपनीचा मागच्या आठवड्यातला डेटा परत आणायला अख्ख्या डिस्कची इमेज उघडत बसायचं कारण नाही.

वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर आहे म्हणजे बॅकअप आहे, असं समजणारे खूप. तो मुख्यतः ताळमेळ आहे. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते, इथे बिघडली की तिथेही बिघडते. कचरापेटीतून किंवा जुन्या आवृत्तीतून काही दिवस परत मिळते, तेवढंच. मोफत जागाही थोडी: गूगलची १५ जीबी, वनड्राइव्हची ५. टॅलीच्या बॅकअपची फाइल तिथे ठेवायला हरकत नाही, अख्खी इमेज मात्र मावणार नाही.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम तुम्ही ऐकला असेल: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. आपल्याकडे तो असा बसवता येतो. एक प्रत मशीनमध्येच, म्हणजे चालू काम. दुसरी एक्स्टर्नल डिस्कवर, दुकानाच्या कपाटात. तिसरी तशाच दुसऱ्या डिस्कवर, घरी. दुकान चाटी गल्लीत आणि घर जुळे सोलापुरात असेल तर एका जागची आग किंवा चोरी दुसऱ्या प्रतीपर्यंत पोचत नाही. दर शनिवारी दोन्ही डिस्कची अदलाबदल करायची. टॅलीची क्लाउडवरची फाइल धरली की दुसरा प्रकारही आला. घरी जाणारी डिस्क रिक्षात विसरली जाऊ शकते, म्हणून इमेजला पासवर्ड द्या, आणि तो पासवर्ड बिटलॉकरच्या की शेजारी, त्याच तिजोरीतल्या कागदावर लिहा.

महिन्यातून एकदा इमेज उघडून पाहा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये इमेज तात्पुरती एखाद्या ड्राइव्हसारखी लावता येते. त्यातून एखादी फाइल बाहेर काढा आणि उघडा. रिफ्लेक्टमध्ये 'व्हायबूट' नावाची सोय आहे, तिच्याने इमेज थेट आभासी मशीन म्हणून चालू होते. विंडोज प्रो असेल तर त्यातल्याच हायपर-व्ही या आभासी मशीन चालवणाऱ्या सोयीवर चालते. त्यात टॅलीचा पडदा आलेला दिसला की इमेज धड आहे हे कळतं. ३१ मार्चला जगभर 'वर्ल्ड बॅकअप डे' पाळतात, आणि आपलं आर्थिक वर्षही त्याच दिवशी संपतं. त्या रात्री वर्षअखेरीची एक वेगळी पूर्ण इमेज काढा, नावात वर्ष टाका, आणि ती आपोआप पुसली जाणार नाही अशा फोल्डरमध्ये हलवा. ७२ महिन्यांचा प्रश्न बराचसा तिथे सुटतो.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: २०२० च्या बिग सरपासून अ‍ॅपलने सिस्टिमचा भाग सही करून बंद केलाय, त्यामुळे बूट होणारा क्लोन काढणं किचकट झालंय. टाइम मशीन वापरा आणि मोकळे व्हा.

जुन्या डिस्कचं काय करायचं

निदान एक महिना तिला हात लावू नका. 'तो लेटरहेड कुठे गेला', 'त्या पार्टीचं जुनं कोटेशन' असे प्रश्न पहिल्या काही आठवड्यांतच निघतात. महिन्यानंतर डिस्क निरोगी असेल तर पुसून घरी नेण्याची दुसरी डिस्क म्हणून वापरा. पिवळी दाखवत असेल तर बॅकअपला वापरू नका.

विकायची किंवा भंगारात द्यायची असेल तर 'क्विक फॉरमॅट' पुरत नाही, डेटा सहज परत येतो. हार्डडिस्कला क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. एसएसडीला तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला 'सिक्युअर इरेझ' द्या. बंद पडलेली हार्डडिस्क असेल तर तबकड्यांमधून ड्रिलने दोन-तीन भोकं पाडा आणि मगच भंगारवाल्याला द्या.